विचारा डॉक्टरीणबाईंना: शिबिरात शुगर निघाली, पुढे काय?

या महिन्याच्या टपालात शुगरबद्दलची पत्रं नेहमीसारखीच भरपूर आहेत, पण त्यातली काही स्वतःसाठी लिहिलेली नाहीत. घरी काम करणाऱ्या ताई, शाळेतला विद्यार्थी, साइटवरचा मजूर, अशा माणसांबद्दल विचारलेलं आहे. 'साखरेऐवजी गूळ चालेल का' या प्रश्नांना (नाही चालत) या वेळी रजा देते आणि ही पत्रं घेते.

प्रश्न: आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे भांडी आणि पोळ्या करायला येणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, मूळच्या खान्देशातल्या. अंगानं अगदी हडकुळ्या. वस्तीतल्या शिबिरात त्यांची शुगर २८६ निघाली. गोळ्या मिळाल्या, त्यांनी महिनाभर घेतल्या आणि सोडून दिल्या. मी ओट्स आणि ब्राउन राइस आणून दिला, तोही खात नाहीत. एवढ्या कष्टाच्या, सडपातळ बाईला हा श्रीमंतांचा रोग कसा? आणि त्या ऐकत का नाहीत?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: काकू, ओट्स आधी तुम्हीच संपवून टाका. त्या खाणार नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

'श्रीमंतांचा रोग' हे आता जुनं झालं. आय.सी.एम.आर.च्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे १५ राज्यांचे आकडे २०१७ साली आले. महाराष्ट्र, तामिळनाडू, चंदीगड अशा सुस्थितीतल्या भागांत, शहरांमध्ये, गरीब घरांत मधुमेहाचं प्रमाण पैसेवाल्यांपेक्षा जास्त दिसलं. २०२३ साली पूर्ण देशाचा हिशेब आला: १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. एवढी माणसं काही फक्त बंगल्यांत राहत नाहीत.

राहिलं हडकुळेपण. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं बाहेरून बारीक दिसतात, पण स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असते. याची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जातात, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरून दाखवलं. तेव्हा काटकुळी बाई म्हणजे सुरक्षित बाई, हा हिशेब सोडून द्या. मात्र ताईंचं वजन अलीकडे झपाट्यानं उतरलं असेल, खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर क्षयाची तपासणीही करून घ्या. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो.

आता त्या ऐकत का नाहीत ते. तुम्ही त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक लिहिलेलं नाही, मी अंदाज करते. पहाटे उठून स्वतःच्या घरचं उरकायचं, चहा घेऊन साडेसहाला बाहेर. तीन-चार घरं. पहिला धड घास दुपारी दोनला. शिबिरातून मिळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असतं. ग्लिमेपिराइड घेऊन माणूस उपाशी राहिला की शुगर खाली घसरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्याच्या ओट्यावर, हातात काचेचं भांडं असताना असं दोनदा झालं की कोणतीही शहाणी बाई गोळी बंद करेल. परदेशीपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात 'गोळी गरम पडते' अशी तक्रार घेऊन ज्या बायका यायच्या, त्यांना मी आधी 'सकाळी काय खाल्लं' हेच विचारायची. उत्तर बहुतेक वेळा 'चाय' असायचं.

तेव्हा पाकीट मागून घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. एकट्या मेटफॉर्मिननं सहसा शुगर धोकादायक उतरत नाही, तिचा त्रास पोटाचा असतो आणि जेवणाबरोबर घेतली की बराच कमी होतो. ग्लिमेपिराइड असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही बाई दुपारपर्यंत उपाशी असते. डोस, वेळ किंवा गोळीच बदलता येते. तुम्ही आपल्या मनानं काही बदलू नका. चक्कर आलीच तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग काहीतरी खायला.

दुसरं, त्यांच्या खाण्याकडे बघण्याआधी आपण त्यांना काय देतो ते बघा. दिवाळीनंतर आठवडाभर उरलेली मिठाई कोणाकडे जाते? कालची पुरणपोळी, रविवारची थंड झालेली जलेबी? आपण ते प्रेमानं देतो, मान्य आहे. पण तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर सकाळी साडेआठला त्यांच्याच हातची एक गरम पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि ती बसून खायला दहा मिनिटं द्या. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो म्हणून त्यांच्या ताटात पोळी आणि भातच असतो. डाळ विकत आणावी लागते म्हणून ती पातळ होत जाते. कमी पडते ती डाळ, ब्राउन राइसवाचून कोणाचं अडलेलं नाही.

तिसरी गोष्ट खाड्याची. उपाशीपोटीची शुगर द्यायची म्हणजे सकाळी लॅबच्या रांगेत उभं राहायचं, पुन्हा जेवून दोन तासांनी रक्त द्यायचं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, मग डॉक्टर. म्हणजे तीनही घरी खाडे. एक मालकीण 'ठीक आहे' म्हणते, दुसरी पैसे कापते, तिसरी दुसरी बाई बघते. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, दिवसाच्या कोणत्याही वेळी, जेवलेल्या माणसाचीही होते. तिची मागणी करा. आणि आणखी ज्या घरी त्या जातात, त्यांच्याशी बोलून महिन्यातली एक सकाळ पगारी सुट्टी ठरवून द्या. ओट्सच्या डब्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

प्रश्न: आमच्या गणेशोत्सव मंडळानं यंदा खर्चात कपात करून पंचवीस हजार रुपये आरोग्यासाठी ठेवले आहेत. मोफत मधुमेह शिबिर घ्यायचा विचार आहे. कसं करावं?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, लोकमान्य नगर

उत्तर: भाऊ, आधी तुमचं अभिनंदन. आता थोडं कडू बोलते.

इंदुरात शिबिरांचा तुटवडा नाही. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो, समोर टेबल, बोटाला सुई, कागदावर आकडा, केळं आणि बिस्कीटचा पुडा. (शुगरच्या शिबिरात बिस्कीट का वाटतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.) संध्याकाळपर्यंत तीनशे बोटं टोचून होतात. त्यातल्या ज्यांची शुगर वाढलेली निघाली, त्यांचं पुढे काय झालं हे त्या बॅनरवरच्या कोणालाच माहीत नसतं. आणि रांगेत उभे कोण असतात? कॉलनीतले निवृत्त काका-काकू, ज्यांच्या घरात ग्लुकोमीटर आहे आणि जे मागच्याच आठवड्यात दुसऱ्या शिबिराला जाऊन आले. १९७१ साली वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी लिहून ठेवलं होतं की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. आपल्या मांडवात ते दर वर्षी बघायला मिळतं.

म्हणून माझी पहिली अट: शिबिर तुमच्या कॉलनीत घेऊ नका. तुमच्या कॉलनीत धुणी-भांडी, सफाई, सुरक्षारक्षकाचं काम करणारी माणसं ज्या वस्तीत राहतात, तिथे घ्या. दुसरी अट वेळेची. सकाळी अकराला वस्तीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं भेटतात. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ ठेवा. आणि सफाई मित्रांना गाठायचं असेल तर त्यांच्या पाळीची वेळ विचारून घ्या. स्वच्छतेच्या पाहणीत २०२३पर्यंत सात वेळा आपलं शहर देशात पहिलं आलं, ते ज्यांच्या जोरावर, त्यातले कितीतरी जण रात्रभर झाडू मारून सकाळी झोपतात. उपाशीपोटी सकाळी या म्हणणं त्यांच्यासाठी निरर्थक आहे.

तिसरी अट सगळ्यात अवघड आहे. तपासणीआधी तिथल्या आशा कार्यकर्तीला भेटा. सरकारच्या कार्यक्रमात तिला तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घराण्यातला आजार. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. ही यादी तिच्याकडे आधीच असते किंवा असायला हवी. तुम्ही त्या यादीतल्या माणसांना बोलवा, वाटेवरच्या सगळ्यांना नको. जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमधल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा की अमुक तारखांना आमची माणसं येतील. सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या मोफत मिळतात, पण त्यासाठी तिथे नाव लागायला हवं.

मग पंचवीस हजारांचं काय करायचं? मांडव, माइक, बॅनर यांवर शून्य. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. सुई प्रत्येकाला नवी, यात काटकसर नाही. बोटाच्या पट्टीवर २००च्या वर आकडा आला आणि तहान, सारखी लघवी, वजन उतरणं अशी लक्षणंही असतील तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना. १४० ते १९९ वाल्यांना सांगायचं की पट्टीनं निदान होत नाही, लॅबमध्ये रक्त द्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, अथवा तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ६.५ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेह. या लॅबच्या खर्चासाठी निम्मे पैसे बाजूला ठेवा.

आणि पाय बघा, हे फुकटात होतं. चपला काढायला लावा, बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, तळव्यावरचे घट्टे पाहा. डॉक्टर दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याची जाणीव तपासतात. तो दोरा महाग नाही, एक मागवून ठेवा. ज्याला खडा टोचलेला कळत नाही त्याला अनवाणी फिरू देऊ नका, विसर्जनाच्या मिरवणुकीतही नाही. पाय गेलेला हमाल किंवा मिस्त्री घरी बसला की पुढच्या वर्षी त्याच्या मुलीची शाळा सुटते. हे मी मिल भागात पुरेसं पाहिलं आहे.

शेवटी एक वही. नाव, फोन, आकडा, दवाखान्यात गेला का, गोळी चालू आहे का. दर महिन्याला मंडळातल्या दोन मुलांनी फोन करायचे, पुढच्या गणपतीपर्यंत. तीनशे बोटं टोचण्याऐवजी साठ टोचा आणि त्यातल्या दहा जणांना वर्षभर धरून ठेवा. फोन करणारी मुलं मिळत नसतील तर शिबिर करू नका, ते पैसे कुणाच्या तरी चष्म्याला द्या.

प्रश्न: मी ई-रिक्षा चालवतो, वय ३८. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी हमाली केली, शुगरमध्ये पाय कापावा लागला आणि ते गेले. मलाही होणार का? फिरायला जायला वेळ नाही, बारा तास गाडीवर असतो. कमर ९४ सेंटिमीटर भरली.
— पाटणीपुरा

उत्तर: दादा, तुम्ही कमर टेपनं मोजलीत याबद्दल शाबासकी, बहुतेक जण पँटचा नंबर सांगतात.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं २००५ साली एक सोपी गुणपत्रिका काढली, तिला रक्त लागत नाही. तुमचे गुण मांडू. वय ३५ ते ४९: २०. पुरुषाची कमर ९० ते ९९: १०. व्यायाम नाही आणि काम बसून: ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह: १०. बेरीज ७०. साठ किंवा त्यावर म्हणजे धोका जास्त. म्हणजे तुम्हाला मधुमेह झाला असं नाही, पण तपासणी याच आठवड्यात करा, पुढच्या दसऱ्याला नको. यातलं वय आणि वडील बदलता येत नाहीत. ३० आणि १० बदलता येतात.

बदलून उपयोग होतो का? चेन्नईलाच डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर तीन वर्षं काम केलं. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले, खाणं आणि चालणं सुधारलेल्यांपैकी ३९ टक्के. २००६ साली हे छापून आलं. म्हणजे खात्री नाही, पण पारडं बरंच झुकतं.

सकाळी पार्कात फिरा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सवारीची वाट बघत गाडीत बसता ती वेळ वापरा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गाडी लावून चाला, दोन्ही वेळा. स्टँडवरचा चहा मोजा: दिवसाला आठ कप आणि कपात दोन चमचे धरले तर सोळा चमचे साखर होते. टपरीवाल्याला 'फिक्की' सांगायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे, आठवडाभर वाटते, मग तोच विचारायला लागतो. सकाळी पोहे खा, इंदुरात राहून पोहे सोडा म्हणणारी मी कोण? पण प्लेट एकच, जलेबी नको, शेव चिमूटभर, आणि वर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. बिडी असेल तर ती बंद. वडिलांचा पाय जाण्यात तंबाखूचाही हात असतो, रक्तवाहिन्या तीच आवळते.

तुमच्या वडिलांबद्दल एवढंच म्हणते. आपल्या मिल भागात कारखान्यांबरोबर विम्याचा दवाखाना होता, कार्ड दाखवलं की औषध मिळायचं. गिरण्या बंद पडत गेल्या तसं ते कार्डही गेलं. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले. मधल्या ३२ वर्षांत कितीतरी जणांनी औषध आणि किराणा यांत किराणा निवडला. त्यांनी हेळसांड केली असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

प्रश्न: माझ्या वर्गात आठवीतल्या मुलीला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. घरावर पत्रे आहेत, फ्रिज नाही. मे महिन्यात औषध खराब होतं का?
— एक शिक्षिका, बाणगंगा

उत्तर: होतं. पण फ्रिजशिवायही सांभाळता येतं. वापरात असलेली एक बाटली छोट्या घट्ट डबीत घाला, आणि ती डबी पाण्याचा स्पर्श होणार नाही अशी मातीच्या मडक्यात ठेवा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं चालतं, पावसाळ्यात गारवा कमी पडतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, २८ दिवसांनंतर ती वापरू नका. न उघडलेल्या बाटल्या शाळेच्या किंवा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नको.

सिरिंजही तपासा. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपीची १०० युनिटवाली असते. अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो. आणि वर्गात तिला मधेच खायची, पाणी प्यायची, बाथरूमला जायची परवानगी सगळ्यांसमोर एकदाच देऊन टाका, म्हणजे रोज हात वर करावा लागणार नाही.

प्रश्न: आईकडे आयुष्मान कार्ड आहे. मग शुगरच्या गोळ्यांचे पैसे का लागतात?
— मल्हारगंज

उत्तर: कारण ते कार्ड भरती होण्यासाठी आहे. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची गोळी, पट्टी, बाहेरून दाखवणं त्यात येत नाही. पाय कापायला कार्ड चालतं, पाय वाचवणाऱ्या गोळीला चालत नाही. हे मला पटत नाही, पण नियम असा आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यातून घ्या, तिथे नसतील तर जनऔषधी केंद्रातून, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. आई सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता वेगळं कार्ड मिळतं, तेही काढून ठेवा.

प्रश्न: आमच्या बांधकामावर झाबुआ-अलीराजपूरकडचे मजूर आहेत. कंपनीनं सगळ्यांची सरासरी शुगर तपासली. एकाची ४.१ आली, पण त्याला सारखी लघवी होते, वजनही उतरतंय. रिपोर्ट चांगला आहे, मग काळजीचं कारण आहे का?
— साइट इंजिनिअर, सुपर कॉरिडॉर

उत्तर: आहे. सरासरीच्या या तपासणीत (एचबीएवनसी) लाल पेशींना चिकटलेली साखर मोजतात. आपल्या मध्य प्रदेशाच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, त्यात लाल पेशी लवकर फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर उलट तो खोटा वाढतो. या माणसाची साधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर आजच करून घ्या, सोबत सिकलसेलची तपासणी. ती सरकारी मोहिमेत होते. २०२३ साली आपल्याच राज्यात, शहडोलला, तिची सुरुवात झाली. गावाकडे झालेली असेल तर त्याच्याजवळ तिचं कार्ड असेल, ते डॉक्टरांना आधी दाखवा. आणि होळीला, भगोरियाच्या जत्रेला ही माणसं गावी जातात तेव्हा दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्या आणि चिठ्ठीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.